आधी लेन्स, मग रेंजफाइंडर : जुन्या फिल्म कॅमेऱ्याची जुळणी घरच्या घरी

समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर फोकस केला, दोन्ही प्रतिमा तंतोतंत एकावर एक आल्या, आणि फिल्म धुऊन आली तेव्हा डोळे पुसट, मागच्या भिंतीचं प्लास्टर मात्र कणाकणाने स्पष्ट. जुना रेंजफाइंडर कॅमेरा वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार असते. लेन्स खराब झाली असं समजून लोक कॅमेरा कपाटात ठेवून देतात. बहुतेक वेळा लेन्स ठणठणीत असते. सरकलेला असतो तो रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवून देणारी यंत्रणा, आणि तो जागेवर आणणं थोडा संयम असलेल्या कुणालाही जमतं.

एसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, आपण लेन्समधूनच पाहतो, त्यामुळे फोकस चुकला तर डोळ्यांना लगेच दिसतं. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात तसं होत नाही. व्ह्यूफाइंडरमधलं दृश्य कायम स्पष्टच दिसतं. मधल्या पिवळसर चौकोनात, म्हणजे पॅचमध्ये, दुसऱ्या खिडकीतून आलेली प्रतिमा दिसते. फोकस रिंग फिरवली की लेन्समागचा एक दांडा हलतो, त्याने आतला आरसा किंवा प्रिझम किंचित फिरतो आणि पॅचमधली प्रतिमा सरकते. थोडक्यात, अंतर मोजणारं यंत्र वेगळं आणि चित्र काढणारी लेन्स वेगळी, दोघांना जोडणारा दुवा म्हणजे तो एक दांडा. पन्नास-साठ वर्षांत धक्के बसतात, ग्रीस वाळतं, कुणीतरी उगाच स्क्रू फिरवलेला असतो, आणि दोघांचं बोलणं जुळेनासं होतं.

म्हणून या कामाचा एकच नियम मी सगळ्यांना सांगतो: रेंजफाइंडर जुळवायचा तो फिल्मवर पडणाऱ्या प्रतिमेशी. रिंगवरच्या आकड्यांशी नाही, आणि समोरच्या बिल्डिंगशी तर अजिबात नाही.

बिघाड नेमका कोणता

पेचकस उचलण्याआधी दहा मिनिटं फक्त बघा. रिंग इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यांत दूरच्या ∞ खुणेला, टेकेपर्यंत फिरवा आणि खूप दूरची वस्तू पॅचमध्ये घ्या. दोन प्रतिमा शेजारी-शेजारी राहिल्या तर आडवी चूक. एक वर, एक खाली दिसली तर उभी चूक. दोन्ही एकदम असणंही अगदी नेहमीचं.

आडव्या चुकीतही दोन प्रकार आहेत आणि ते ओळखता आले की फोटोतला दोष लगेच उलगडतो. प्रतिमा जुळण्याआधीच रिंग अडत असेल, तर जवळच्या माणसावर जुळवलेला फोकस प्रत्यक्षात त्याच्या मागे पडतो. उलट प्रतिमा जुळून पुढे निघून जात असतील, तर फोकस माणसाच्या पुढे पडतो. सुरुवातीला सांगितलेली भिंत हा पहिला प्रकार.

रिंग फिरवूनही पॅच हलतच नसेल, किंवा अडखळत हलत असेल, तर ती जुळणीची चूक नाही. दांडा अडकलाय किंवा वंगण सुकलंय. अशा वेळी जुळणीचा स्क्रू फिरवणं म्हणजे नवा घोळ घालणं. पॅच दिसतच नसेल तर अर्धपारदर्शक आरशाचा चांदीचा लेप गेलाय, त्याबद्दल शेवटी.

जागा, वेळ आणि नागपूरचं ऊन

जुळणीला खरोखर दूरची वस्तू लागते. किती दूर, याचा हिशेब करून पाहा. झोर्की-४ या जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्यामध्ये रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांतलं अंतर, म्हणजे पाया, सुमारे ३८ मिलिमीटर आहे. १०० मीटरवरची वस्तू या दोन खिडक्यांतून पाहिली तर कोनातला फरक साधारण १.३ मिनिटं येतो (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). निरोगी डोळ्याला सुमारे १ मिनिटाचा फरक कळतो. म्हणजे १०० मीटर अजून इन्फिनिटी नाही. १ किलोमीटरवर तोच फरक ०.१३ मिनिट होतो, तिथे डोळा हार मानतो, आणि आपल्याला हवं तेच.

गल्लीपलीकडची २० मीटरवरची बिल्डिंग ‘इन्फिनिटी’ धरून जुळवलं तर काय होईल? ३ मीटरवरच्या माणसावर फोकस कराल तेव्हा लेन्स साधारण ३.५ मीटरवर लागलेली असेल. ४५ मिलिमीटर लेन्स एफ १.७ वर, म्हणजे प्रकाशाचं भोक पूर्ण उघडं असताना, ३ मीटरच्या मागे जेमतेम २५ सेंटिमीटर जागा स्पष्ट येते. माणूस पुसट झाला.

उत्तर नागपुरात राहणाऱ्यांना देवाने तयार लक्ष्य दिलंय: कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या. मानकापूर, जरीपटका भागातल्या कुठल्याही उंचशा गच्चीवरून दिसतात, त्यांच्या कडा सरळ उभ्या असतात, आणि आडवी जुळणी तपासायला सरळ उभ्या कडेसारखं दुसरं काही नाही. पण उभी चूक या कडेवर कळणार नाही, कारण उभी रेघ वर-खाली सरकली तरी तशीच दिसते. त्यासाठी आडवी कड हवी किंवा एक बिंदू. रात्री चिमणीवरचे लाल दिवे हे काम उत्तम करतात: दिवा दोन दिसला की चूक आहे, कुठल्या दिशेला तेही एका नजरेत कळतं. दक्षिणेकडे राहत असाल तर वर्धा रोडवरच्या दुमजली मेट्रो पुलाची लांब आडवी कड दुरून घ्या. दीक्षाभूमीच्या स्तूपासारखा घुमट मात्र टाळा. गोल कडेवर डोळा फसतो, थोडा फरक असला तरी जुळल्यासारखं वाटतं. काहीच नसेल तर चंद्र आहेच.

वेळेचं महत्त्व आपल्याकडे जरा जास्तच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टिनाच्या छपरांवरून उठणारी गरम हवा दूरची प्रत्येक कड नाचवते. त्या नाचणाऱ्या कडेवर जुळणी करता येत नाही. उन्हाळ्यात हे काम सूर्योदयाच्या वेळी किंवा रात्री दिव्यांवर करा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरातली स्वच्छ सकाळ सगळ्यांत चांगली.

आणि कॅमेरा उघडायचा असेल तर कूलरसमोर बसू नका. ओलसर हवा आणि वाळ्याचा भुसा थेट आरशावर येतो. पंखाही बंद ठेवा.

काय काय लागेल

घड्याळजी वापरतात तसा बारीक पेचकसांचा संच. जपानी कॅमेऱ्यांच्या फुलीच्या स्क्रूंना जेआयएस नावाचं टोक बसतं. साधं फिलिप्स टोक वरून बसल्यासारखं वाटतं, पण जोर दिला की निसटतं आणि स्क्रूचं डोकं खातं. एवढा एक खर्च कराच. बाकी ट्रायपॉड, लॉक होणारी केबल रिलीज, आठ-दहा पट मोठं दाखवणारं भिंग, धूळ उडवायचा रबरी फुगा, मोजपट्टी, पारदर्शक नेलपॉलिश, आणि कडा असलेली स्टीलची परात, तीत पांढरं फडकं अंथरून. स्क्रू उडाला तर परातीतच पडतो.

शिवाय घासलेल्या काचेचा एक तुकडा. काचवाल्याकडून साधारण ३५ मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर लांब पट्टी कापून घ्या, कडा घासून घ्या. तीच या कामातली सगळ्यांत मोलाची वस्तू.

पहिली पायरी: लेन्सची साक्ष

कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा. झोर्की-४ आणि फेड-२ या सोव्हिएत कॅमेऱ्यांत तळाशी दोन कुलपं असतात, ती फिरवली की मागचा भाग तळासकट खाली सरकून निघतो. फिल्मच्या चौकटीच्या वर आणि खाली रुळांच्या दोन जोड्या दिसतील. काच आतल्या जोडीवर ठेवायची, कारण फिल्म तिथेच टेकते. घासलेली बाजू लेन्सकडे. बाहेरच्या रुळांवर ठेवली तर सगळं मोजमाप चुकतं. काच हलू नये म्हणून रबरबँड लावा. पारदर्शक टेप किंवा ट्रेसिंग पेपर ताणूनही काम भागतं असं म्हणतात, पण ते मध्ये झोळ धरतात आणि इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा प्रश्न आहे.

शटर बी वर ठेवा, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत ते उघडं राहतं. सोव्हिएत कॅमेऱ्यांत आधी शटर भरायचं, मगच वेगाची चकती फिरवायची. उलट केलं तर यंत्रणा बिघडू शकते. केबल रिलीज लावून शटर उघडं लॉक करा. डायफ्रॅम, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, पूर्ण उघडा, रिंग इन्फिनिटीला टेकवा, कॅमेरा ट्रायपॉडवर. डोक्यावरून काळं कापड घ्या आणि काचेवरची चिमणी भिंगातून बघा. ती उलटी दिसेल, पण कड धारदार हवी. आता रिंग अगदी थोडी मागे घ्या. कड लगेच पुसट झाली पाहिजे. मागे घेतल्यावर उलट जास्त स्पष्ट झाली, तर लेन्स इन्फिनिटीच्या पुढे जातेय. कुठेच स्पष्ट होत नसेल तर ती इन्फिनिटीपर्यंत पोचतच नाहीये. या दोन्ही प्रसंगी दोष लेन्सच्या बैठकीत आहे आणि आधी तो काढायला हवा. झोर्की, फेडसारख्या एम३९ (३९ मिलिमीटर) आट्यांच्या कॅमेऱ्यांत लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिलिमीटर असतं आणि ते राखायला बैठकीखाली कागदासारख्या पातळ चकत्या घातलेल्या असतात. आधी कुणी कॅमेरा उघडला असेल तर यातली एखादी हरवलेली असू शकते.

बहुतेकांची लेन्स इथे पास होते. मग निर्धास्तपणे पुढे जा.

झोर्की, फेड: बाहेरूनच होणारी जुळणी

या कॅमेऱ्यांचं मला फार कौतुक आहे. मालकाला स्वतः जुळणी करता येते, आणि त्यासाठी वरचं झाकण काढावं लागत नाही.

आधी रिवाइंड नॉबखालची छोटी दांडी हलवून व्ह्यूफाइंडर तुमच्या डोळ्याच्या नंबरला लावा. हे न करता पुढे गेलात तर पुसट प्रतिमांवर जुळणी करत बसाल.

मग उभी चूक. समोरच्या छोट्या गोल खिडकीभोवती पातळ रिंग असते, ती आट्यांवर बसवलेली आहे. रबराच्या तुकड्याने धरून ती डावीकडे फिरवून काढा. पक्कड लावू नका, ओरखडे कायमचे राहतात. आत पाचरीसारखी, एका बाजूला किंचित जाड अशी काच असते. ती फिरवली की पॅचमधली प्रतिमा गोलाकार मार्गाने फिरते. म्हणजे वर-खाली करताना ती डावी-उजवीकडेही सरकणार. घाबरू नका. आत्ता फक्त उंची जुळवा.

आता आडवी. समोरच्याच बाजूला, खिडक्यांजवळ एक लहान झाकणाचा स्क्रू असतो. तो काढला की भोकातून आत दुसऱ्या स्क्रूचं डोकं दिसतं. लेन्स इन्फिनिटीला टेकलेली असू द्या. लांब, बारीक पेचकस घाला आणि घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांइतकाच फिरवा. पेचकस बाहेर काढा. मगच बघा, कारण पेचकसाचा दाब असताना दांडा हलतो आणि खोटी जुळणी दिसते. चुकीच्या दिशेला गेली असेल तर उलट फिरवा. चिमणीची कड पॅचच्या आतून बाहेर सलग गेली की थांबा.

पुन्हा उंची पाहा, पुन्हा आडवं पाहा. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही जागेवर येतात. डोळा खिडकीच्या बरोबर मधोमध ठेवा, कडेने पाहिलं तर पॅच सरकल्याचा भास होतो.

जपानी कॅमेरे: वरचं झाकण काढावं लागतं

याशिका इलेक्ट्रो ३५ (१९६६ पासून) किंवा कॅनोनेट जी-III क्यूएल१७ (१९७२) अशा न निघणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यांत साधारणपणे वरचं झाकण काढूनच जुळणी करावी लागते. प्रत्येक मॉडेलचा क्रम वेगळा, पण पद्धत एक. मागचं झाकण उघडून रिवाइंडचा आतला काटा पेचकसाने धरून ठेवा आणि वरचा क्रँक उलटा फिरवा, तो निघतो. फिल्म पुढे सरकवण्याच्या लिव्हरवरची टोपी काढा, मग कडेचे छोटे स्क्रू. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि स्क्रू काढले त्याच क्रमाने परातीत मांडा. ते एकाच लांबीचे नसतात.

झाकण उचलताना ते एकदम ओढू नका. हॉट शूला (फ्लॅश बसवायच्या खाचेला) आणि काही मॉडेल्समध्ये वरच्या दिव्यांना नाजूक तारा जोडलेल्या असतात. बोटभर उचला, आत डोकावा, तार असेल तर झाकण पुस्तकासारखं बाजूला उघडून ठेवा.

आत जुळणीचे स्क्रू कोणते हे बहुधा लाल किंवा हिरव्या लाखेच्या ठिपक्यावरून कळतं. फिरवण्याआधी स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या धातूवर मार्करने एक बारीक रेघ ओढा. कितीही घोळ झाला तरी ती रेघ तुम्हाला मूळ जागी परत आणते. लाख घट्ट असेल तर टूथपिकच्या टोकावर ॲसिटोनचा थेंब, तोही जपून, कारण ॲसिटोन प्लास्टिक खातं. मग स्क्रू एक अष्टमांश फिरवा आणि पॅच कुठल्या दिशेला गेला ते पाहा. आडवा गेला तर तो आडव्याचा, उभा गेला तर उभ्याचा. क्रम तोच: आधी उंची, मग इन्फिनिटी, मग पुन्हा उंची.

झाकण उघडं आहे म्हणून खिडक्यांच्या काचा आतून पुसून घ्यायचा मोह होतो, आणि तो योग्यच आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेला कापूस हलक्या हाताने फिरवा. पण मधल्या अर्धपारदर्शक आरशाला कापूस लावू नका, कोरडाही नाही. त्या जुन्या लेपाची पकड सुटलेली असते, एकदा पुसला की पॅच कायमचा जातो. फुग्याने हवा मारा, बस.

जवळची परीक्षा

इन्फिनिटी जुळली म्हणजे काम अर्धं झालं. आता १ मीटर. मोजपट्टी फिल्मच्या पातळीपासून धरायची, लेन्सच्या टोकापासून नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांवर त्यासाठी रेघ मारलेल्या गोलाची खूण असते. भिंतीला वर्तमानपत्र लावा, मथळ्याच्या अक्षराच्या उभ्या काठीवर पॅच जुळवा आणि मग घासलेल्या काचेवर भिंगाने तीच काठी पाहा.

१ मीटरलाच का? ४५ मिलिमीटर लेन्स एफ १.७ वर असताना तिथे स्पष्टतेची एकूण खोली जेमतेम ५ सेंटिमीटर असते. ३ मीटरवर तीच जवळपास ४५ सेंटिमीटर होते, लहान चूक तिच्यात लपून जाते. १ मीटरवर काहीच लपत नाही.

इन्फिनिटी बरोबर पण १ मीटर चुकतंय, असं निघालं तर दोष दांड्याच्या प्रमाणात आहे. लेन्स काढता येणाऱ्या फेड आणि झोर्कींमध्ये दांड्याच्या टोकाला बऱ्याचदा पाचरीसारखा तुकडा स्क्रूने बसवलेला असतो. स्क्रू सैल करून तो किंचित वळवला की जवळचा फोकस बदलतो, पण इन्फिनिटीही बदलते, म्हणून प्रत्येक वेळी मागे जाऊन ती पुन्हा जुळवावी लागते. कंटाळवाणं काम आहे. दुसरी लेन्स हाताशी असेल तर आधी ती लावून पाहा. दोष त्या एका लेन्सच्या मागच्या रिंगेतही असू शकतो.

न निघणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात दांडा वाकवण्याच्या भानगडीत मी कुणाला पाडणार नाही. तिथे तडजोड करा, आणि ती जवळच्या बाजूने करा. दूरचं दृश्य आपण बहुधा उन्हात एफ ८ वर घेतो. ४५ मिलिमीटर लेन्स एफ ८ वर ८.४ मीटरला लावली तर ४.२ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं, इन्फिनिटीची बारीक चूक तिथे दिसणारही नाही. घरातल्या उजेडात आजीचा चेहरा दीड मीटरवरून पूर्ण उघड्या डायफ्रॅमवर घेता तेव्हा मात्र प्रत्येक सेंटिमीटर मोजला जातो.

फिल्मवर खात्री, मग लाख

स्क्रू पक्के करण्याआधी एक रोल टाका. टेबलावर पाच पेन्सिली तिरक्या रांगेत, एकामागे एक ५ सेंटिमीटर अंतराने उभ्या करा, मधलीवर १ मीटरवरून फोकस करा, डायफ्रॅम उघडा. तसाच एक फोटो ३ मीटरवरून आणि एक चिमण्यांचा. प्रत्येक फ्रेम दोनदा घ्या, दर वेळी रिंग पूर्ण फिरवून नव्याने फोकस करून. दोन फ्रेममध्ये वेगवेगळी पेन्सिल स्पष्ट आली तर जुळणी नव्हे, यंत्रणाच ढिली आहे. निगेटिव्ह भिंगाखाली पाहा. स्कॅनरचा स्वतःचा फोकस असतो, त्याच्यावर निकाल लावू नका.

मधली पेन्सिल दोन्ही वेळा स्पष्ट असेल तर प्रत्येक जुळणीच्या स्क्रूच्या कडेला नेलपॉलिशचा टाचणीएवढा ठिपका द्या. पूर्ण वाळू द्या, रात्रभर उघडं ठेवून वर एखादं स्वच्छ भांडं पालथं घाला, आणि सकाळी झाकण बसवा. ओलं असताना बंद केलं तर त्याची वाफ काचांवर धरते.

पॅच फिकट असेल पण दिसत असेल, तर व्ह्यूफाइंडरच्या समोरच्या मोठ्या खिडकीवर मधोमध काळ्या टेपचा अगदी छोटा तुकडा लावून पाहा. मुख्य दृश्य तेवढ्या भागात झाकलं जातं आणि पॅच उठून दिसतो. लेपच गेला असेल तर नवा अर्धपारदर्शक आरसा कापून बसवावा लागतो. ते काम जाणत्या कारागिराकडेच द्या, आणि देताना काचेवरची लेन्सची तपासणी तुम्ही केली आहे, लेन्स बरोबर आहे, हे त्याला आधी सांगा.